सोयाबीनच्या मुळावरच्या गाठी आधी बघ, मग युरियाचं बोल

भाऊ, पहिल्यांदाच सोयाबीन करतोयस तर एक सांगतो, पीक महिन्याचं झालं की दोन-चार झाडं खुरप्याने मातीसकट काढ, उपटू नको, उपटलं की गाठी मातीतच राहतात आणि आपण म्हणतो गाठीच नाहीत. मुळं पाण्यात हलक्या हाताने धू आणि एक गाठ नखाने फोड. आत गुलाबी-लालसर निघाली तर रायझोबियम, म्हणजे गाठीत राहणारे जिवाणू, कामाला लागलेत, हवेतला नत्र झाडाला मिळतोय, तो लाल रंग आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनसारख्याच द्रव्याचा असतो. मला तर दरवर्षी ते बघून भारी वाटतं. पांढरी किंवा हिरवट असेल तर गाठ कामाची नाही.

बीजप्रक्रियेत, म्हणजे पेरणीआधी बियाण्याला औषध आणि जिवाणू लावताना, क्रम चुकवू नको. आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक लावायचं असेल तर ते, आणि रायझोबियमचे जिवाणू सगळ्यात शेवटी, 10 किलो बियाण्याला 250 ग्रॅम. जोरात चोळू नको, सोयाबीनची साल लगेच निघते. सावलीत सुकव आणि त्याच दिवशी पेर. पाकीट घेताना मुदत बघच, मी एकदा न बघता आणलं, घरी आल्यावर कळलं मुदत कधीच संपलेली, ते जिवाणू मेलेलेच असणार.

युरियाचा मारा केलास तर झाड आयतं खातं आणि गाठी कमी धरतात. आणि काढणीनंतर काड पेटवू नको रे, वरच्या थरातले जिवाणू त्यात भाजून जातात, त्यांचं खाणंही जळतं.