२ जीबी रॅमच्या जुन्या लॅपटॉपवर पेनड्राइव्हवरून कोणती हलकी ऑपरेटिंग सिस्टीम चालेल?

पपी लिनक्स घ्या. तिची फॉसापप६४ ही आवृत्ती जेमतेम ४०० एमबीची आहे आणि सुरू होताना अख्खी रॅममध्ये उतरते. त्यामुळे हार्ड डिस्क रडतखडत चालत असली, अगदी पार गेलेली असली, तरी काम अडत नाही.

रूफस या बूट होणारा पेनड्राइव्ह बनवणाऱ्या प्रोग्रॅमने पेनड्राइव्ह तयार करताना मात्र पार्टिशनचा प्रकार एमबीआर निवडा. जुन्या बायोसला (लॅपटॉप सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅमला) जीपीटी या नव्या प्रकारचा ड्राइव्ह बहुधा ओळखताच येत नाही आणि बऱ्याच जणांचं घोडं इथेच अडतं. लॅपटॉप पेनड्राइव्हवरून सुरू करायचा हे जिथे निवडतात त्या बूट मेनूसाठी डेल, लेनोव्होवर सहसा एफ१२, एचपीवर एफ९.

पहिल्यांदा बंद करताना पपी सेव्ह फाइल (तुमच्या सेटिंग्ज जपून ठेवणारी फाइल) बनवायची का असं विचारेल, तेव्हा नक्की बनवा. नाहीतर वायफायचा पासवर्डसुद्धा दर वेळी नव्याने टाकावा लागेल.

प्रोसेसर ३२ बिटचा असेल तर अँटीएक्स या दुसऱ्या हलक्या लिनक्सची ३२ बिट आवृत्ती वापरा.