म्हाडाच्या सोडतीसाठी थांबू, की पाथर्डी फाट्याचा फ्लॅट घेऊ?

प्रश्न: मी नाशिकला सातपूर एमआयडीसीत सीएनसी ऑपरेटर आहे. पगार 36,000, शिवाय ओव्हरटाइम आणि बोनस धरून वर्षाला 40,000. बायको घरी ब्लाउज शिवते, तिला महिन्याला 12,000 सुटतात; तिच्या हिशोबाच्या वहीचं एक पान सोबत पाठवलंय. अशोकनगरला 8,500 भाडं भरतो, ते वाया जातं. शिल्लक 5 लाख आहे. पाथर्डी फाट्याला 28 लाखांचा वन बीएचके आवडलाय, बिल्डर टोकन मागतोय. म्हाडासाठी थांबू का? एक एजंट म्हणतो, बायकोचं उत्पन्न दाखवू नका, अत्यल्प उत्पन्न गटात बसाल. नंबर लावून द्यायचे तो 50,000 मागतोय. निफाड तालुक्यात गावी वडिलांचं घर आहे, ते आडवं येईल का?

उत्तर: टोकन आत्ता देऊ नका. पाथर्डी फाटा नाशिक महापालिकेच्या हद्दीत येतो. तिथे तुमच्या, वहिनींच्या किंवा अल्पवयीन मुलांच्या नावावर पक्कं घर झालं, की इथल्या सोडतीतून तुम्ही बाद. उलट आधी अर्ज केला आणि नंबर लागला नाही, तर अनामत परत मिळते आणि बाजारातला फ्लॅट घ्यायला तुम्ही मोकळे. म्हणून आधी अर्ज, मग टोकन.

उत्पन्नाचं आता नीट बघू. पगाराचे 4,32,000, वरचे 40,000 आणि वहिनींचे 1,44,000, म्हणजे वर्षाचे 6,16,000. म्हाडा नवरा-बायको दोघांचं मिळून उत्पन्न धरते. 10 लाखांहून जास्त लोकसंख्येच्या महापालिकांत अत्यल्प गटाची मर्यादा 6 लाख आहे आणि अल्प गटाची 9 लाख. तुम्ही 16,000 रुपयांनी वर जाताय. एवढ्यासाठी खोटं प्रतिज्ञापत्र करायचं? कागद तपासले जातात, आणि माहिती खोटी निघाली तर घर हातचं जातं.

त्याहून मोठं नुकसान बँकेत आहे. वहिनींनी तुम्हाला पाठवायला दिलेलं वहीचं पान मी दोनदा वाचलं. ‘काठपदर, अस्तरासह, 450. बाकी 200.’ प्रत्येक गिऱ्हाइकापुढे तारीख, जमा, बाकी. इतका चोख हिशोब ठेवणाऱ्या बाईची कमाई कागदावर शून्य दाखवायची, हे मला मनापासून पटत नाही. कर्ज देताना बँक कागदावरचंच उत्पन्न धरते. म्हाडापुढे लपवलेले 1,44,000 बँकेपुढे अचानक काढता येणार नाहीत. त्यांचं वेगळं रिटर्न भरा. नव्या करपद्धतीत 12 लाखांपर्यंत कर लागत नाही, त्यामुळे खरं दाखवून खिशातून काहीच जात नाही. अल्प गटात अर्ज करा. अत्यल्प गटाचं घर 30 चौरस मीटरपर्यंत असतं, अल्प गटाचं 60 पर्यंत, म्हणजे जागाही जास्त मिळू शकते.

आता 28 लाखांचा फ्लॅट. बँक जास्तीत जास्त 90 टक्के देईल, म्हणजे 25.2 लाख. उरलेले 2.8 लाख तुमचे. स्टँप ड्युटी साधारण 6 टक्के धरली तर 1.68 लाख, नोंदणी 28,000. झाले 4.76 लाख. तुमची जवळपास सगळी शिल्लक संपली, अजून पंखाही लावलेला नाही. साडेआठ टक्क्यांनी 20 वर्षांचा हप्ता जवळपास 21,900 येतो. कारखान्यात एक महिना ओव्हरटाइम बंद झाला तरी ओढाताण होईल.

‘भाडं वाया जातं’ असं तुम्ही लिहिलंय. वर्षाचं भाडं 1,02,000. या कर्जाचं पहिल्या वर्षाचं नुसतं व्याजच 2 लाखांच्या वर जातं. त्यामुळे एक वर्ष थांबलात तर फार काही बिघडत नाही. फक्त थांबताना एक करा: हप्ता सुरू झालाय असं समजून, भाडं वजा जाता उरणारे 13,400 दर महिन्याला रिकरिंगमध्ये टाका. वर्षात 1,60,800 साठतील आणि हप्ता झेपतो की नाही तेही कळेल. तीन महिन्यांतच दमछाक झाली, तर 28 लाखांचं घर तुमचं नाही हे 5 लाख न घालवता समजेल.

पण मुदत ठरवा. एक सोडत किंवा बारा महिने, जे आधी होईल ते. नाशिकमधली म्हाडाची बरीच घरं 4,000 चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या प्रकल्पांतल्या 20 टक्के कोट्यातली असतात, बिल्डरनेच बांधलेली. मखमलाबाद, आडगाव, चुंचाळे अशा भागांत ती निघाली आहेत. अर्जाआधी जागेवर जाऊन या, आणि मेंटेनन्स, पार्किंगचं तिथेच विचारा, कारण जाहिरातीतल्या किमतीवर हे खर्च येऊ शकतात. डोमिसाइल, दोघांचे आधार-पॅन, दोघांची रिटर्न्स आत्ताच तयार ठेवा. आणि 5 वर्षं ते घर विकता येत नाही, हे धरूनच चाला.

एजंटला एक रुपया देऊ नका. सोडत संगणकावर निघते, म्हाडाने कोणताही एजंट नेमलेला नाही.

गावचं घर वडिलांच्या नावावर आहे आणि महापालिकेच्या हद्दीबाहेर आहे, त्यामुळे सोडतीला अडचण नाही. पण पंतप्रधान आवास योजना 2.0 मधलं व्याज अनुदान, जे जास्तीत जास्त 1.8 लाख आहे आणि पाच वार्षिक हप्त्यांत मिळतं, त्याला नियम वेगळा: देशात कुठेही कुटुंबाचं पक्कं घर नको. लग्न झालेल्या मुलाचं कुटुंब वेगळं धरतात, पण घराच्या उताऱ्यावर तुमचंही नाव चढलेलं असेल तर अडेल. एक रजा टाकून ग्रामपंचायतीत नमुना 8 चा उतारा काढा आणि त्यावर कोणाकोणाची नावं आहेत ते मला कळवा.