वाचक विचारतात: जिप्सीचे दणके आणि नवे शॉकअप

प्रश्न : माझी मारुती जिप्सी आहे. सुट्टीच्या दिवशी पानशेत, वेल्हे, ताम्हिणी या बाजूच्या कच्च्या रस्त्यांवर फिरणं होतं. लहानसा दगड चाकाखाली आला तरी पाठीच्या मणक्यापर्यंत दणका बसतो. आधीच्या मालकानं गाडी उंच करायला दोन इंच जास्त लांबीचे शॅकल (स्प्रिंगचं टोक चासीला जोडणाऱ्या पट्ट्या) बसवलेत. गॅरेजमध्ये ‘हेवी ड्युटी गॅसचे शॉकअप टाका, गाडी मऊ चालेल’ असा सल्ला मिळाला. कोणते घ्यावेत? – एक वाचक, कोथरूड

उत्तर : एवढ्यात खरेदी करू नका. हेवी ड्युटी शॉकअपनं हलकी जिप्सी मऊ होत नाही, उलट आणखी कडक होते. गाडीचं वजन पेलतात ते पाटे, म्हणजे एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंग. दाबलेला पाटा सुटल्यावर गाडी झुलत राहू नये, एवढंच शॉकअपचं काम. त्यातलं तेल झडपांमधून रेटलं जातं आणि झोका तिथल्या तिथे मरतो. स्पीडब्रेकर ओलांडल्यावर गाडी दोन-तीनदा वरखाली होत असेल तर शॉकअप गेलेत. पण प्रत्येक खड्यावर दणका बसत असेल, तर दोष बहुतेक दुसरीकडे असतो.

पहिली शंका टायरमधल्या हवेची. पंपावर अंदाजानं ३५ पीएसआय भरून देतात. गाडीच्या पुस्तिकेतला आकडा बघा आणि टायर थंड असताना हवा तपासा. कच्च्या वाटेवर सावकाश चालताना २० पीएसआयपर्यंत उतरवली तर फरक लगेच कळतो, मात्र डांबरी रस्त्याला लागण्याआधी पुन्हा भरायलाच हवी.

दुसरी आणि जिप्सीत सगळ्यात मोठी शंका पाट्यांची. पावसाळ्यातला चिखल पाट्यांच्या मधे शिरतो, गंज धरतो आणि पाटे एकमेकांवर सरकायचे थांबतात. मग लहान धक्क्याला पाटा हलतच नाही, गाडी नुसती टायरवर उसळते. पाट्यांच्या टोकाजवळ, कडेच्या बाजूनं खडूची एक उभी रेघ ओढा. कुणाला तरी बंपरवर उभं राहून गाडी दाबायला सांगा आणि रेघेकडे बघा. पाटे मोकळे असतील तर रेघ पायरीसारखी तुटते आणि सोडल्यावर पुन्हा जुळते. रेघ अखंडच राहिली तर पाटे अडकलेत. ते उतरवून तारेच्या ब्रशनं घासायचे, टोकाखाली पडलेली खाच ग्राइंडरनं सपाट करायची, ग्रॅफाइट ग्रीस लावून नव्या सेंटर बोल्टनं बांधायचे. यू-बोल्टही नवेच घ्या, एकदा ताणलेले पुन्हा तसे धरत नाहीत. शॅकलचे आणि पाट्याच्या डोळ्यातले (टोकाच्या गोल भोकातले) रबरी बुश त्याच वेळी बदला. बुशमधून जाणारे बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचे आवळायचे. चाकं लोंबकळत असताना आवळले तर रबर कायम पिळलेलं राहतं, गाडी कडक वाटते आणि बुश लवकर फाटतात.

लांब शॅकलबद्दल आमचं मत स्पष्ट आहे : काढून टाका. दोन इंच जास्त लांबीनं गाडी जेमतेम इंचभर उंचावते, पण पुढच्या अॅक्सलचा कॅस्टर (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागेपुढे कल) बिघडतो, स्टिअरिंग भरकटतं आणि शॉकअपला खाली जायला जागा कमी उरते. टोकाला पोचलेला शॉकअप खडकन आपटतो. तुमचे काही दणके त्याचेही असतील.

एवढं करूनही हेलकावे राहिले तर शॉकअप घ्या, पण मापं काढून. नेहमीचं सामान भरून गाडी सपाट जागी उभी करा आणि शॉकअपच्या वरच्या बोल्टच्या मध्यापासून खालच्या बोल्टच्या मध्यापर्यंत अंतर मोजा. समजा ४०० मिमी आलं. आता अॅक्सल आणि बंप स्टॉप (चासीखालचा रबरी ठोकळा) यांतली फट मोजा, समजा ६० मिमी. रबर दबून आणखी १५ मिमी जातं. म्हणजे जोराच्या धक्क्यात शॉकअप ३२५ मिमीपर्यंत दबणार, त्याची बंद लांबी १० मिमी तरी कमी, म्हणजे ३१५च्या आत हवी. मग शॉकअप सोडून, चासी जॅकनं उचलून घोड्यांवर (स्टँडवर) ठेवा आणि चाक पूर्ण लोंबल्यावर पुन्हा मोजा. ४८५ मिमी आलं तर उघडी लांबी ४९५च्या आसपासची घ्या. याच वेळी ब्रेकचा होज ताणला जात नाही ना, हे हात लावून बघा. हे आकडे उदाहरणादाखल आहेत. तुमच्या गाडीचे पुढचे आणि मागचे वेगवेगळे येतील. ते कागदावर लिहून पुण्यात नाना पेठेतल्या गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानात जा आणि काउंटरवरच टेप लावून शॉकअप मोजा. ‘जिप्सीचाच आहे’ एवढ्या शब्दावर घेऊ नका.

प्रकार म्हणाल, तर कमी दाबाच्या गॅसचा ट्विन-ट्यूब (एकात एक दोन नळ्यांचा) घ्या. मोनोट्यूबमध्ये तेल आणि जास्त दाबाचा नायट्रोजन एकाच नळीत एकामागे एक असतात, त्यामुळे तेवढ्याच बंद लांबीत त्याला चाल कमी मिळते. शिवाय २० बार दाबाला १४ मिमीचा रॉड सुमारे ३० किलोच्या जोरानं बाहेर रेटला जातो. चारही चाकांचा हा जोर मिळून एक टनाच्या गाडीला जाणवतो. मोनोट्यूबचा खरा फायदा लांब पल्ल्याच्या खडबडीत रस्त्यावर वेगानं जाताना : तो लवकर थंड होतो, तेलाला फेस येत नाही. वेल्ह्याच्या वाटेवर तुमचा वेग तेवढा नसतो. रिबाउंड (दबलेला शॉकअप परत उघडण्याची चाल) फार कडक असलेलाही टाळा. एका खड्ड्यात दबलेलं चाक परत खाली येण्याआधी दुसरा खड्डा येतो, आणि गाडी दर खड्ड्याला आणखी खाली बसत जाते.

प्रश्न : नवे शॉकअप महिन्याभरात गळायला लागले. माल खराब का? – एक वाचक, हडपसर

उत्तर : रॉड बघा. नट फिरवताना रॉड फिरू नये म्हणून तो पकडीनं धरला असेल, तर चकचकीत भागावर दातांचे व्रण दिसतील. तेच व्रण दर खेपेला सील कापतात. रॉडच्या टोकाला चपटा भाग किंवा खाच असते, पाना तिथेच लावायचा. व्रण नसतील तर शॉकअप तळाला आपटतोय का तपासा, वरचं मापाचं गणित तुम्हालाही लागू आहे. नळीवर नुसता तेलाचा ओलसर थर आणि धूळ असेल तर घाबरू नका. पुसल्यावर पुन्हा ओघळ आला तरच गळती.

ट्विन-ट्यूब बसवण्याआधी उभा धरून पूर्ण ओढायचा, उलटा करून दाबायचा, असं चार-पाच वेळा. आडवा पडून आत शिरलेली हवा त्यानं निघते. बदलताना एका अॅक्सलचे दोन्ही एकदम.

प्रश्न : २०२० नंतरच्या थारला पुढे लोखंडी बंपर आणि विंच बसवलाय. ब्रेक मारला की नाक खाली जातं. कडक शॉकअप चालतील? – एक वाचक, पिंपरी

उत्तर : गाडी उभी असतानाही नाक खाली झुकलंय का, हे आधी मोजा : चाकाच्या मध्यापासून वरच्या कमानीपर्यंत, दोन्ही बाजूंनी. वाढलेल्या वजनानं गाडी बसली असेल तर त्या वजनाच्या कॉइल स्प्रिंग हव्यात, आणि शॉकअप त्या स्प्रिंगला जुळणारे. फक्त शॉकअप कडक केले तर नाक तेवढंच खाली राहील, वर दणके सुरू होतील. या थारला पुढे स्प्रिंग शॉकअपवरच बसलेली असते. ती चांगल्या स्प्रिंग कॉम्प्रेसरशिवाय (स्प्रिंग दाबून धरणाऱ्या हत्याराशिवाय) घरी उघडू नका, दाबलेली स्प्रिंग सुटली तर जीवावर बेतू शकतं. काम झाल्यावर अलाइनमेंट करून घ्या आणि हेडलाइटचा झोतही पुन्हा बसवा.