वाचक विचारतात : फाळणी झालेल्या बर्लिनमधली बांधकामं

महायुद्धानंतरच्या बर्लिनबद्दल आलेल्या प्रश्नांपैकी निवडक प्रश्नांची उत्तरं या वेळी देत आहोत. उजळणीपुरतं सांगायचं तर 1945 मध्ये शहराचे चार विभाग झाले. 1949 पासून पूर्वेकडे एक राज्य आणि पश्चिमेकडे दुसरं. 13 ऑगस्ट 1961 ला मध्ये भिंत आली, ती नोव्हेंबर 1989 मध्ये खुली झाली.

प्रश्न : भिंत जाऊन इतकी वर्षं झाली. आज नकाशा बघून पूर्व कुठली, पश्चिम कुठली हे ओळखता येतं का? (एक विद्यार्थिनी, कोल्हापूर)

येतं. भिंतीचे अवशेष शोधत बसू नका, ट्रामचे रूळ बघा. पश्चिम बर्लिनने ट्राम मोडीत काढून बस आणि भुयारी रेल्वेची वाट धरली. तिथली शेवटची ट्राम 2 ऑक्टोबर 1967 ला धावली. पूर्वेने ट्राम ठेवली. पुढे काही मार्ग पश्चिमेत वाढवले गेले, तरी ट्रामच्या नकाशात रुळांचं जाळं जिथे विरळ होतं तिथेच साधारण जुनी सीमा आहे. दुसरी खूण रात्रीची. पूर्वेत सोडियमचे पिवळे दिवे जास्त, पश्चिमेत पांढरट. अंतराळातून काढलेल्या फोटोतही हा फरक दिसला होता.

तिसरी खूण म्हणजे यू-9 ही भुयारी मार्गिका. पूर्व भागाला न शिवता पश्चिम बर्लिन उत्तर-दक्षिण जोडायचं म्हणून ती आखली गेली. ती सुरू झाली 28 ऑगस्ट 1961 ला, भिंत उभी राहिल्यावर पंधरवड्यात. आखणी अर्थातच कित्येक वर्षं आधीची.

प्रश्न : स्टालिनआलेवरच्या इमारती राजवाड्यासारख्या सजवलेल्या आहेत. मग त्यांना आधुनिक कसं म्हणायचं? आणि त्यांच्या टाइल गळून पडल्या हे खरं का? (वास्तुविशारद, मुलुंड)

पूर्व बर्लिनच्या त्या रस्त्यावर (आजचं नाव कार्ल-मार्क्स-आले) एकच शैली नाही, तीन आहेत, आणि त्या कोणत्या क्रमाने आल्या तेच बघण्यासारखं आहे. अगदी सुरुवातीच्या दोन इमारती 1949-50 च्या. त्या लुडमिला हेर्त्सेनश्टाइन यांनी आखल्या. साध्या, सपाट, आणि प्रत्येक मजल्यावर बाहेरून जाणारी लांब गॅलरी. चाळीत वाढलेल्या माणसाला ती गॅलरी ओळखायला क्षणही लागणार नाही. त्यामागे हान्स शारून यांच्या गटाचा 1946 चा आराखडा होता : शहर मोकळं, हिरवं आणि पट्ट्यापट्ट्यांचं करायचं.

1950 मध्ये पूर्व जर्मनीच्या अधिकाऱ्यांचं शिष्टमंडळ मॉस्कोला जाऊन आलं. त्याच जुलैत ‘नगररचनेची 16 तत्त्वं’ मंजूर झाली. त्यांचं सार असं की शहर म्हणजे बाग नव्हे, शहराला भव्य रस्ता हवा, चौक हवा, मोर्चा जाईल एवढी रुंदी हवी. रस्ता सुमारे 90 मीटर रुंद झाला. गॅलरीवाल्या त्या दोन इमारती एकदम नावडत्या ठरल्या. पाडल्या नाहीत, पण त्यांच्यासमोर झपाट्याने वाढणारी पॉप्लरची झाडं लावून त्या झाकल्या. नंतर हेर्मान हेन्सेलमान, रिशार्ड पाउलिक वगैरेंनी खांब, कोरीव पट्ट्या आणि टाइलच्या भिंतींचे ‘कामगारांचे राजवाडे’ उभे केले. याच कामावरच्या गवंड्यांनी जून 1953 मध्ये कामाचं प्रमाण 10 टक्क्यांनी वाढवल्याविरुद्ध काम थांबवलं आणि 17 जूनला देशभर उठाव झाला. तिसरा टप्पा 1959 नंतरचा : सोव्हिएत नेते क्रुश्चेव्ह यांनी डिसेंबर 1954 च्या भाषणात ‘नक्षी बंद, कारखान्यातलं बांधकाम सुरू’ असा आदेशच दिल्यामुळे श्ट्राउसबेर्गर चौकापासून अलेक्झांडर चौकाकडचा भाग कारखान्यात ओतलेल्या काँक्रीट पॅनलच्या सरळ इमारतींनी भरला. 1963 चं ‘इंटरनॅशनल’ चित्रपटगृह याच टप्प्यातलं. राजवाडा आधी आणि सपाट डबा नंतर, असा उलटा प्रवास एकाच रस्त्यावर क्वचितच बघायला मिळतो.

टाइल पडल्या, हे खरं. 1989 पर्यंत बऱ्याच दर्शनी भिंतींना टक्कल पडलं होतं. अशा कामात दोष टाइलचा कमी, मागच्या मसाल्याचा आणि पाण्याचा जास्त असतो. चकचकीत टाइल वाफ बाहेर सोडत नाही. कंगोऱ्यावरून किंवा टाइलमधल्या फुटलेल्या सांध्यातून पाणी मागे शिरलं की ते तिथेच राहतं. बर्फ होताना पाणी आकारमानाने सुमारे 9 टक्के फुगतं आणि टाइल मसाल्यासकट सुटते. त्यात लांबलचक भिंतीला मध्ये प्रसरणाचे सांधे नसतील तर उन्हाळा-हिवाळ्याची ओढाताण टाइलच्याच अंगावर येते. तपासायची पद्धत आपल्याकडचीच : लाकडी हातोडीने ठोकत जायचं, पोकळ आवाज आला की खूण करायची. पण आधी कंगोऱ्याची आणि पन्हळीची गळती थांबवा. ती तशीच ठेवून टाइल बसवल्या तर काही हिवाळ्यांनी पुन्हा परांची बांधावी लागेल.

प्रश्न : पश्चिमेच्या हान्साफीर्टेलमध्ये इमारती एकमेकींपासून दूर, झाडांत विखुरलेल्या आहेत. जुने प्लॉट आणि त्यांचे मालक यांचं काय केलं? (नगररचना विभागातले निवृत्त अभियंता, पुणे)

प्रश्न नेमका आहे. चित्रांच्या पुस्तकांत याचं उत्तर सहसा नसतं. जुन्या बर्लिनमध्ये प्लॉट अरुंद आणि खोल असत. 1853 च्या नियमाप्रमाणे आतलं अंगण किमान 5.34 मीटर लांब-रुंद असलं की पुरे, कारण आगीचा बंब तेवढ्यात वळे. उजेड-वाऱ्याचा विचार त्या आकड्यात नव्हता. हान्साफीर्टेल 1943 च्या बॉम्बहल्ल्यांत बहुतांश उद्ध्वस्त झालं, पण इमारत पडली म्हणून मालकी पडत नाही.

पूर्वेत हा पेच 1950 च्या पुनर्बांधणी कायद्याने सोडवला : जमीन ताब्यात घेता येत असे. पश्चिमेत खासगी मालकी कायम ठेवून प्लॉट विकत घेणं, अदलाबदल करणं, एकत्र करून नव्याने पाडणं असं किचकट काम करावं लागलं आणि त्यासाठी वेगळी कंपनी काढली गेली. आपल्याकडच्या नगररचना योजनेत ‘अंतिम भूखंड’ पाडतात त्याच जातीचं हे काम. ते झालं नसतं तर वाल्टर ग्रोपियस, आल्वार आल्टो, ऑस्कर निमायर यांना नुसते कागदच रंगवता आले असते. 1957 च्या ‘इंटरबाऊ’ प्रदर्शनासाठी 13 देशांतल्या 53 वास्तुविशारदांना बोलावलं होतं. पूर्वेच्या रस्त्याला दिलेलं ते उघड उत्तर होतं. तिकडे रांग आणि रस्ता, तर इकडे मुद्दाम ना रांग ना रस्ता.

उणीव मात्र लवकर कळते. दुकानं, ग्रंथालय, चर्च, सगळं आहे. पण इमारतीबाहेर पाऊल टाकलं की दुकान, असं होत नाही. हान्साप्लाट्झच्या भुयारी स्थानकाचा सांगाडा प्रदर्शनाच्या वेळीच तयार होता, गाडी आली 1961 मध्ये. चार वर्षं नुसता जिना.

प्रश्न : ल कॉर्बुझिए यांची बर्लिनची इमारत त्यांनी स्वतःच नाकारली असं वाचलं. कशामुळे? (पणजी)

24 सेंटिमीटरमुळे, असं थोडक्यात म्हणता येईल. त्यांच्या मापपद्धतीत खोलीची उंची 2.26 मीटर, म्हणजे हात वर केलेल्या माणसाएवढी. बर्लिनच्या सरकारी गृहनिर्माणाच्या नियमात किमान 2.50 मीटर. नियम जिंकला आणि त्यांच्या दृष्टीने सगळं प्रमाण बिघडलं. शिवाय फ्रान्समधल्या मार्सेयच्या मूळ इमारतीत मधल्या मजल्यावर दुकानांची गल्ली आणि गच्चीवर बालवाडी होती, ती इथे गेली. मार्सेयला 337 घरं, बर्लिनला 17 मजल्यांत 530, म्हणजे घरं लहान झाली. इमारत हान्साफीर्टेलमध्ये मावेना म्हणून ऑलिम्पिक स्टेडियमजवळ बांधली गेली. याच वर्षांत चंडीगडचं काम चालू होतं. तिथे जमीन आणि सरकार दोन्ही त्यांच्या बाजूला होतं, हा फरक लक्षात घ्या.

आमचं मत विचाराल तर राहणाऱ्याच्या दृष्टीने बर्लिनचा नियम बरोबर होता.

प्रश्न : पूर्व बर्लिनच्या पॅनल इमारती कशा जोडत? ओल आणि बुरशी का येई? आमच्याकडे प्रीकास्टचं काम सुरू होतंय म्हणून विचारतो. (स्थापत्य अभियंता, नाशिक)

1970 च्या दशकात तयार झालेली ‘डब्ल्यूबीएस 70’ ही ठरावीक पॅनलच्या घरांची मालिका घेऊ. मार्त्सान, हेलर्सडॉर्फ या वसाहतींत ती भरपूर दिसते. आराखडा 1.20 मीटरच्या चौकटीवर, मजल्याची उंची 2.80 मीटर, स्लॅबचा गाळा 6 मीटरपर्यंत. सगळ्याचा राजा एकच आकडा : 6.3 टन. पॅनल यापेक्षा जड चालत नाही, कारण क्रेन तेवढंच उचलते. इमारती सरळ आणि लांब का, याचं उत्तरही क्रेनच्या रुळांत आहे. रूळ वळवणं म्हणजे वेळ. घराला कोपरा द्यायचा तर कारखान्यात नवा साचा लागतो.

बाहेरच्या भिंतीचे बहुधा तीन थर : आतून 15 सेंटिमीटर भार घेणारं काँक्रीट, मध्ये सुमारे 5 सेंटिमीटर उष्णतारोधक, बाहेर 6 सेंटिमीटरचं कवच. कवच स्टीलच्या अँकरांनी आतल्या थराला टांगलेलं असतं. पॅनल ओळंब्यात आणून तिरक्या टेकूंवर उभं करतात, कडेच्या बाहेर आलेल्या सळया वेल्ड करतात आणि सांधा काँक्रीटने भरतात. आडव्या सांध्यात खालच्या पॅनलला उंबऱ्यासारखा उंचवटा असतो, वरच्याचं कवच त्यावरून खाली उतरतं, म्हणजे पाणी पागोळीसारखं बाहेर पडावं. उभ्या सांध्यात असा उंबरा करता येत नाही. तिथे सगळी भिस्त पट्टीवर किंवा पुट्टीवर.

बिघाड नेमका इथेच. वाहतुकीत पॅनलचे कान तुटत, उंबऱ्याचा तुकडा उडे आणि महिन्याचं उद्दिष्ट गाठायचं म्हणून तसंच पॅनल चढवलं जाई. सांधा कुठे 10 तर कुठे 30 मिलिमीटर झाला की पुट्टी ताणून फाटते. पाणी उष्णतारोधकात मुरतं, भिजलेला थर थंडी अडवत नाही, मग आतला कोपरा गार पडतो आणि तिथे घरातली वाफ पाणी होऊन बसते. बाहेरच्या कोपऱ्याला कपाट चिकटवलं की त्याच्या मागे हमखास काळी बुरशी. 1990 नंतर घट्ट बसणाऱ्या नव्या खिडक्या आल्या, जुन्या फटींतून होणारं वायुवीजन थांबलं, आणि काही घरांत बुरशी उलट वाढली. खिडकी बदलताना वायुवीजनाचा हिशेब न करणं ही चूक आपल्याकडेही सर्रास होते.

दुरुस्तीचा क्रम चुकवू नका. आधी जुन्या पुट्टीचा नमुना तपासा : पूर्व जर्मनीत वापरलेल्या ‘मोरिनॉल’ पुट्टीत ॲस्बेस्टॉस होतं, ती ग्राइंडरने उडवली तर धूळ फुफ्फुसात जाईल. मग कवच ठोकून बघायचं, अँकरची स्थिती तपासायची. शंका आली तर कवचातून आणि उष्णतारोधकातून आरपार जाऊन आतल्या 15 सेंटिमीटरच्या थरात नवे अँकर घालायचे. गंजलेली सळई उघडी करून साफ करायची, लेप द्यायचा, मसाला भरायचा. त्यानंतरच बाहेरून नवं उष्णतारोधक आणि गिलावा. सैल कवचावर थेट थर चिकटवला तर वजन वाढतं आणि खालचा दोष झाकला जातो.

नाशिकसाठी एवढंच : तुमच्याकडे बर्फ नाही, पण वाऱ्याबरोबर तिरपा येणारा पाऊस आहे. पॅनल उतरवून घेताना उंबरा तुटलेला असेल तर ते परत पाठवायचा अधिकार साइटवरच्या माणसाला द्या.

प्रश्न : काँग्रेस हॉलचं छप्पर 1980 मध्ये का कोसळलं? (ठाणे)

ह्यू स्टबिन्स या अमेरिकी वास्तुविशारदाने 1957 मध्ये बांधलेली ही पश्चिम बर्लिनमधली परिषदांची इमारत, सीमेपासून अगदी जवळ. छप्पर दोन कमानींमध्ये ताणलेल्या चादरीसारखं दिसतं. प्रत्यक्षात सभागृहाच्या भिंतींवर एक काँक्रीटचं कडं होतं, मधलं छप्पर त्या कड्यावर, आणि कडं ते कमान या बाहेरच्या पट्ट्यात पूर्वताणित (आधीच ताणून बसवलेल्या) स्टीलच्या केबल. ऊन-थंडीने कमानी हलत आणि तो हलण्याचा ताण कड्याजवळच्या सांध्यात एकवटे. तिथे भेगा पडल्या, पाणी शिरलं, केबलभोवतीचा ग्राउट (पातळ सिमेंटचा भराव) सगळीकडे नीट भरलेला नव्हता. ताणाखालची तार आतल्या आत गंजून तडकते तेव्हा फारशी सूचना देत नाही. 21 मे 1980 ला दक्षिणेकडची कमान आणि बाहेरचं छप्पर खाली आलं, एकाचा मृत्यू झाला. 1987 मध्ये इमारत पुन्हा उघडली, रूप तेच ठेवून, आतली रचना बदलून.

प्रश्न : शहराचे दोन तुकडे झाल्यावर गटारांचं काय केलं? (फ्रँकफुर्टमधल्या एक वाचक)

फारसं काही करता आलं नाही. जेम्स होब्रेख्त यांनी 1870 च्या दशकात शहराचे 12 भाग पाडले होते. प्रत्येक भागातलं सांडपाणी उताराने पंपघरात, तिथून दाबाने शहराबाहेर. या भागांच्या हद्दी उतारावर ठरलेल्या, 1945 च्या नकाशाशी त्यांचा संबंध नव्हता. टेलिफोनच्या तारा 1952 मध्ये कापल्या. गटार कापलं असतं तर दोन्हीकडे तुंबलं असतं. त्यामुळे पश्चिमेचं पाणी पूर्वेकडच्या जागेत जात राहिलं आणि पश्चिम त्याचे पैसे देत राहिली. यू-6 आणि यू-8 या पश्चिमेच्या गाड्याही पूर्वेखालून धावत. बंद स्थानकांतून हळू, न थांबता, फक्त यू-6 तेवढी फ्रीडरिषश्ट्रासेला थांबे. त्याचंही भाडं पश्चिमेने मोजलं.

प्रश्न : जूनमध्ये एकच दिवस बर्लिनला आहे. काय पाहू? (सोलापूर)

यू-5 ने फ्रांकफुर्टर टोरला उतरा आणि पश्चिमेकडे चालत सुटा. श्ट्राउसबेर्गर चौकाच्या अलीकडे, झाडांमागे लपवलेल्या त्या दोन गॅलरीवाल्या इमारती शोधा, क्रमांक 102-104 आणि 126-128. पुढे अलेक्झांडर चौकातून एस-बान ही शहरी रेल्वे पकडून बेलव्यू, तिथून हान्साफीर्टेल पायी. वाटेत एखादी पॅनल इमारत लागली तर तिच्या उभ्या सांध्यावरून नजर वरपर्यंत न्या. दुरुस्त न झालेल्या इमारतीत पुट्टीची रेघ मजल्यागणिक जाड-बारीक होत गेलेली दिसेल.