जुनी ८००, रंग की रॅप?

प्रश्न : बाबांची मारुती ८०० आहे, २००४ची, इंजिन अजून मस्त पण बॉनेटचा रंग पापुद्र्यासारखा सुटतोय. रंगाऐवजी घरीच व्हिनाइल रॅप (गाडीवर चिकटवायची रंगीत प्लास्टिक फिल्म) केलं तर चालेल का?

उत्तर : चालेल, पण आहे त्याच रंगावर डायरेक्ट नको. रॅप चिकटतो तो खालच्या रंगाला, तोच सुटत असेल तर रॅपही त्याच्यासोबत निघणार, आणि गंज तर आतल्या आत वाढतच राहतो. म्हणजे पापुद्रे नि गंज घासून काढा, पुटी-प्रायमर मारून गुळगुळीत करा, वर रंगाचा एक हात द्या (नुसत्या प्रायमरवर रॅप नीट धरत नाही), नीट वाळू द्या, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घ्या. (खरा घाम इथेच निघतो, चिकटवणं त्यामानाने सोपं.) रोल १.५२ मीटर रुंद येतो, त्यात ८००चं बॉनेट बिनजोड बसतं. कास्ट (ओतून बनवलेलं) व्हिनाइलच घ्या, स्वस्तातलं कॅलेंडर्ड (रोलरखाली लाटून बनवलेलं) वळणावरून मागे ओढलं जातं. कडा आत दुमडून हीट गनने पुन्हा तापवायला विसरू नका, नाहीतर पहिल्याच उन्हाळ्यात उचलतात. पूर्ण गाडी करणार असाल तर बंपर शेवटी घ्या, सुरुवात सपाट दारापासून करा. आणि हो, रंग बदलणार असाल तर आरसीवर नोंद करून घ्या, आरटीओला रंगवलंय की चिकटवलंय याने काही फरक पडत नाही.