कळसूबाई झालं, पुढे काय? सर्वोच्च शिखरांच्या यादीबद्दल थोडं सविस्तर

तुमचा प्रश्न असा आहे की जुलैत तिघं मित्र कळसूबाई करून आलात, आता प्रत्येक राज्यातलं सर्वांत उंच शिखर गाठायचं आणि शेवटी भारतातलं सर्वोच्च. डोंबिवलीत राहून, नोकरी सांभाळून तयारी कशी करायची?

इच्छा चांगली आहे, ती सोडू नका. पण ही यादी शिडीसारखी नाही, हे आधी लक्षात घ्या. एक चढलात म्हणून दुसऱ्याची तयारी होते असं यात घडत नाही. राजस्थानचं गुरुशिखर १७२२ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा उंच, पण गाडी जवळजवळ माथ्यापर्यंत जाते आणि उरलेल्या पायऱ्या आजी-आजोबाही चढतात. तमिळनाडूचं दोड्डाबेट्टा २६३७ मीटर, तिथेही गाडीरस्ता. मध्य प्रदेशचं धूपगड तर पचमढीहून जिप्सीतून सूर्यास्त बघायला जायची जागा. केरळचं अनामुडी २६९५ मीटर, अख्ख्या दक्षिण भारतात सर्वांत उंच. ते इरविकुलम राष्ट्रीय उद्यानात आहे आणि नीलगिरी ताहर या रानशेळीसारख्या प्राण्याच्या संरक्षणासाठी पर्यटकांना माथ्याकडे सहसा सोडत नाहीत. मग एकदम उडी. हिमाचलचं रिओ पुर्गिल ६८१६ मीटर. उत्तराखंडचं नंदादेवी ७८१६ मीटर, टिलमन आणि ओडेल हे गिर्यारोहक १९३६ साली पहिल्यांदा तिथे पोहोचले, पण त्याचा आतला परिसर १९८३ पासून बंद आहे. आणि सिक्कीमचं कांचनजंगा, भारतातलं सर्वोच्च, ८५८६ मीटर. मधल्या पायऱ्या यादीत फारशा नाहीत. त्या तुम्हालाच बांधाव्या लागतील.

त्यासाठी पहिली सवय ही लावा की शिखराची उंची नाही, चढ मोजायचा. कळसूबाई १६४६ मीटर असलं तरी पायथ्याचं बारी गावच बऱ्यापैकी उंचावर आहे. प्रत्यक्षात तुम्ही साधारण निम्मी उंची चढलात. ब्रिटनमधलं सर्वोच्च बेन नेव्हिस १३४५ मीटरच आहे, पण पायथा जवळपास समुद्रसपाटीला, त्यामुळे तिथे पाय जास्त चालतात. आपल्याकडे हा अनुभव कोकणातून घाटावर चढताना येतो, आणि मुंबईकरांचं भाग्य असं की या घाटवाटा कर्जत, कसारा, मुरबाडच्या अंगणात आहेत.

सुरुवात खांडसहून गणेश घाटाने भीमाशंकर अशी करा. शिडी घाटाने नको, निदान पहिल्यांदा नको. मग हरिश्चंद्रगड, आणि तो एकदाच करून सोडू नका. पाचनईहून चढलात तर दोन-अडीच तासांत वर. खिरेश्वरहून टोलार खिंडीने गेलात तर कातळटप्पा लागतो आणि पल्लाही मोठा. बेलपाड्याहून नळीच्या वाटेने कोकणकड्यावर चढणं म्हणजे दगडधोंड्यांनी भरलेल्या नाळेतून, म्हणजे अरुंद घळीतून, हजार मीटरच्या आसपास चढ, वर रोप लावायचे टप्पे. ही तिसरी वाट अनुभवी गटाबरोबरच, आणि पावसाळ्यात अजिबात नाही. गड तोच, माथाही तोच, पण नळीची वाट अंगावर घेऊन आलेल्या माणसाला हिमालयात कुठल्या प्रकारचा थकवा येणार आहे याची कल्पना असते.

जुलैत कळसूबाईवर तुम्हाला ढगांशिवाय काही दिसलं नसणार, शिड्यांपाशी रांग लागली असणार ती वेगळीच. नोव्हेंबर ते जानेवारीत पुन्हा जा. वरून अलंग, मदन, कुलंग हे किल्ले ओळीने दिसतात, भंडारदऱ्याचं पाणी दिसतं, त्यामागे रतनगड. पुढच्या दोन वर्षांच्या वाटा तिथे उभं राहून ठरवता येतात. नवरात्रात मात्र देवीची यात्रा असते; दर्शन हवं असेल तर खुशाल जा, चालण्याच्या सरावासाठी दुसरा दिवस निवडा.

रोजच्या व्यायामाचं थोडक्यात सांगतो. इमारतीचे जिने पाठीवर आठ-दहा किलोची सॅक घेऊन चढा आणि उतरतानाही ती काढू नका, कारण गुडघे उतारावर बोलतात. रविवारी ट्रेक नसेल तर बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात कान्हेरीपर्यंत पायी जाऊन या. बूट नवे असतील तर ते इथेच रुळवा.

आता सर्वांत महत्त्वाचं, कारण मुंबईचे धडधाकट तरुण इथेच फसतात. फिटनेस आणि विरळ हवा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपण समुद्रसपाटीला राहतो. ५५०० मीटरवर हवेचा दाब इथल्या निम्मा असतो आणि तिथे तुम्ही मॅरेथॉन पळता की नाही याची हवेला पर्वा नसते. ३००० मीटरच्या वर गेल्यावर झोपायची जागा आदल्या रात्रीपेक्षा ५०० मीटरहून जास्त उंच नको, आणि दर तीन-चार दिवसांनी एक मुक्काम त्याच उंचीवर हवा. सुट्टी कमी म्हणून हे दिवस कापणारी सहल घेऊ नका, कितीही स्वस्त असो. डोकेदुखी, मळमळ, भूक जाणं सुरू झालं तर वर जायचं थांबा. चालताना तोल जात असेल किंवा बसल्या जागी धाप लागत असेल, तर रात्र असली तरी खाली उतरवा. तो जीवघेणा प्रकार आहे. विरळ हवेचा त्रास टाळण्यासाठी घेतात ती अ‍ॅसिटाझोलामाइडची गोळी डॉक्टरांना विचारूनच घ्या, आणि ती घेतली म्हणून वेगाने चढायची मुभा मिळत नाही. तिघांपैकी कोणी लक्षणं लपवणार नाही, हे निघण्यापूर्वी एकमेकांना कबूल करा.

क्रम विचाराल तर सह्याद्रीचे दोन हंगाम, मग साडेतीन ते साडेचार हजार मीटरचा एखादा हिमालयीन ट्रेक, आणि त्यात मन रमलं तर उत्तरकाशीची नेहरू गिर्यारोहण संस्था किंवा दार्जिलिंगच्या संस्थेचा बेसिक कोर्स. जवळपास महिनाभराची रजा लागते आणि नावनोंदणी फार आधी करावी लागते. तरीही मी तिघांनाही हाच सल्ला देईन. बर्फात चालणं, आइस अ‍ॅक्सने, म्हणजे बर्फातल्या कुऱ्हाडीने, स्वतःची घसरण थांबवणं, रोपवर एकमेकांना सांभाळणं हे तिथे हातात बसवून घेतात. पैसे भरून थेट सहा हजारी शिखरावर नेणाऱ्यांकडे हे एका दिवसात उरकतात, आणि ते पुरत नाही.

कांचनजंगाचं स्वप्नही पाहा, पण ते काय आहे हे ओळखून. १९५५ साली जो ब्राउन आणि जॉर्ज बँड हे ब्रिटिश गिर्यारोहक पहिल्यांदा तिथे पोहोचले आणि सिक्कीमच्या लोकांच्या श्रद्धेचा मान राखून माथ्याच्या काही पावलं खाली थांबले. आज सिक्कीमच्या बाजूने चढाईला बंदी आहे, वाट नेपाळमधून. पुण्याच्या गिरिप्रेमी या संस्थेचे दहा गिर्यारोहक मे २०१९ मध्ये एकाच मोहिमेत शिखरावर पोहोचले. सह्याद्रीत घडलेली माणसं आहेत ती, म्हणून आपल्याला जवळची वाटतात. पण त्याआधी त्याच संस्थेने एव्हरेस्टसह इतर आठ हजारी शिखरांवर वर्षानुवर्षं मोहिमा केल्या होत्या.

या हिवाळ्यासाठी साल्हेर ठरवा. १५६७ मीटर, महाराष्ट्रातला सर्वांत उंच किल्ला, आणि १६७२ ची मराठे आणि मुघलांमधली मोठी लढाई याच्याच पायथ्याशी झाली, मराठा सरदार सूर्यराव काकडे इथेच पडले. नाशिक, सटाणा, ताहराबाद करत वाघांबे गाठा, साल्हेर-सालोटा खिंडीतून चढा, वर परशुरामाचं देऊळ आहे. मुंबईहून लांब पडतं, त्यामुळे शुक्रवारी रात्री निघा आणि शनिवारचा मुक्काम गावातच ठेवा. परतीच्या एसटीची वेळ ताहराबादला उतरल्याबरोबर विचारून घ्या.