नाताळचा किराणा भरण्याआधी
वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न : दरवर्षी नाताळच्या सामानासाठी बेळगावला जाते. घरी आल्यावर मैद्याच्या दोन पिशव्या फडताळात आधीच निघतात आणि जायफळ मात्र विसरलेलं असतं. यंदा काय करू? (खानापूरच्या एक वाचक)

उत्तर : ताई, यादी बाजाराच्या आठवड्यात करू नका, डिसेंबर लागताच फडताळ रिकामं करून करा. सगळे डबे कट्ट्यावर काढा. फळीवर अंथरलेला जुना वर्तमानपत्राचा कागद टाकून द्या. किडे त्याच्याखालीच लपतात. कोपरे आणि खाचा आधी कोरड्या ब्रशने झाडा, मग ओल्या फडक्याने पुसा. उलट केलं तर पिठाची लापशी खाचांत चिकटते आणि किड्यांना तेच हवं असतं. फळी पूर्ण वाळल्याशिवाय डबे परत ठेवू नका.

मग तराजू काढा. अंदाजाने 'अर्धा डबा आहे' असं लिहू नका, वजन लिहा. समजा, केक, कलकल (शंखासारखा वळून तळलेला गोड पदार्थ) आणि नेवऱ्या (करंज्या) यांना प्रत्येकी अर्धा किलो मैदा लागणार आहे. म्हणजे झाला दीड किलो. घरात ६०० ग्रॅम असेल तर एक किलोची पिशवी पुरते, दोन कशाला? रवा चाळून बघा. जाळी दिसली तर टाकून द्या. चांगला असेल तर आधी वापरा, नव्यात मिसळू नका, एका डब्यातली कीड दोन्ही बिघडवते. नवा मैदा-रवा घट्ट बंद पिशवीत चार दिवस फ्रीझरमध्ये ठेवला की अंडी मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नका, नाहीतर आत दव धरून गुठळ्या होतात.

बेकिंग पावडर जुनी असेल तर पाव कप गरम पाण्यात अर्धा चमचा टाका. लगेच जोरात फसफसली तर ठीक, नाहीतर नवी आणा; केक बसण्यामागे बहुतेक वेळा हीच असते. काजू, अक्रोड चाखून बघा. जुन्या तेलाचा वास आला की ते भाजूनही सुधारत नाहीत. जायफळ अख्खंच घ्या आणि ऐनवेळी किसा.

यादी गल्लीप्रमाणे करा: ठोक किराणा, साखर, सुका मेवा रविवार पेठेत, भाजी, लहानसहान सामान गणपत गल्लीत. केकसाठी मनुका-बेदाणे रममध्ये भिजवणार असाल तर ते पहिल्या फेरीत आणा, दोन-तीन आठवडे मुरायला हवेत. संत्र्याच्या रसात भिजवणार असाल तर मात्र फ्रीजमध्ये दोन दिवसच. अंडी, ओला नारळ, मटण शेवटच्या फेरीत. नेवऱ्यांत ओला नारळ घातला की त्या तीन-चार दिवसांच्या वर टिकत नाहीत. आधी करून ठेवायच्या असतील तर सुकं खोबरं भाजून, त्यात तीळ-खसखस घाला आणि तळल्यावर पूर्ण गार करूनच डब्यात भरा. कोमट भरल्या तर झाकणाला वाफ धरते आणि दुसऱ्या दिवशी त्या मऊ पडतात.

प्रश्न : फ्रीज लहान आहे. सोरपोतेल (डुकराच्या मटणाचं व्हिनेगर घातलेलं तिखट कालवण) आणि केक दोन्ही कसे मावणार? (बेळगाव)

उत्तर : केक फ्रीजमध्ये लागतच नाही. फळांचा केक बटर पेपरमध्ये गुंडाळून घट्ट डब्यात, थंड जागी राहतो. डिसेंबरची थंडी आपल्या कामाचीच आहे. क्रीम लावलेला केक मात्र त्याला अपवाद. फ्रीज सोरपोतेलसाठी मोकळा करा. ते दोन-तीन दिवस आधीच शिजवा, मुरलं की चव खुलते. शिजल्यावर पसरट भांड्यांत ओतून लवकर गार करा. मोठं पातेलं तसंच झाकलं तर मधला भाग तासन् तास कोमट राहतो आणि तिथूनच खराब होतं. व्हिनेगर असल्याने ॲल्युमिनियमचं किंवा तांब्याचं भांडं नको; स्टील, काच किंवा चिनी मातीचं घ्या. जेवढं वाढायचं तेवढंच काढून उकळी येईपर्यंत गरम करा.

गोठलेलं मटण वितळवायचं ते फ्रीजच्या खालच्या कप्प्यात, खोल ताटात ठेवून. दोन किलोच्या तुकड्याला साधारण चोवीस तास लागतात, म्हणून २४ तारखेला शिजवायचं असेल तर २३ च्या सकाळीच काढा. कट्ट्यावर ठेवून वितळवू नका, बाहेरचा थर आधीच तापतो.

प्रश्न : साखरेला मुंग्या लागतात. (निपाणी)

उत्तर : डबा पाण्याच्या ताटात एका वाटीवर उभा करा. ताट भिंतीला टेकू देऊ नका.